फुल-टाइम की सिलेक्टेबल?

"बाळाजी, फुल-टाइम अच्छा, या सिलेक्टेबल अच्छा?"

कंपनीचा मालक अहमद अर्बाबनं हे विचारलं तेव्हा बाळाजी परुळेकर चहात बिस्किट बुडवून ते तुटायच्या आत तोंडात कसं जाईल या विवंचनेत होता. ऑफिसात त्या आठवड्यात नवा टायपिस्ट ठेवायची चर्चा चालली होती. तेव्हा त्यानं मान वर न करताच सांगून टाकलं, "फुल-टाइम, अर्बाब. दूसरा आदमी काम टालता है."

"शाबास!" अर्बाबनं टेबलावर थाप मारली. बिस्किट कपात पडलं. "मेरे को मालूम था, तुम गाडी का आदमी है."

तेव्हा कुठं बाळाजीला कळलं की विषय टायपिस्टचा नव्हता, जीपचा होता.

झालं होतं असं. कंपनीला अस्करच्या पुढं, दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोजणीचं काम मिळालं होतं आणि ते नेमकं हिवाळ्यात करायचं होतं. आता बहारीनचा हिवाळा म्हणजे काही काश्मीर नव्हे. स्वेटर घालावा तर घाम येतो, काढावा तर शिंक येते. पाऊस वर्षातून चार-दोनदाच येतो, पण येतो तेव्हा रस्त्याला गटार म्हणून काही नसल्यामुळं सगळं मनामा शहर तळ्यात उभं राहतं. आणि दक्षिणेला असतो सबखा. वरून बघाल तर पांढरी, कडक, मिठाची पापडी; माणसाला वाटावं इथं क्रिकेट खेळावं. खाली शिजलेल्या नाचणीच्या आंबिलीसारखा चिखल. आदल्या हिवाळ्यात मोजणीवाल्यांची साधी पिकअप त्या पापडीतून खाली गेली होती आणि बिचारे साहेब लोक दुर्बिणी खांद्यावर घेऊन अस्करपर्यंत चालत आले होते. म्हणून यंदा चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यायची होती. बाजारात दोन होत्या. एक विलायती. तिची चारही चाकं कायम कामावर, म्हणजे फुल-टाइम. दुसरी जपानी. ती एरवी मागच्या दोन चाकांवर चालायची आणि गरज पडली की ड्रायव्हरनं पुढची दोन जोडायची, म्हणजे सिलेक्टेबल.

"दोनों चलाके देखो, फिर बोलो," अर्बाब म्हणाला. "लेकिन बाळाजी, इस टाइम गलती मफी." मफी म्हणजे अजिबात नाही.

'इस टाइम' हे दोन शब्द बाळाजीच्या वर्मी बसले. मागच्या साली त्यानं मागवलेले पावसाचं पाणी उपसायचे पंप भर जूनमध्ये बोटीवरून उतरले होते, जेव्हा अख्ख्या बेटावर उपसायला घामाशिवाय काही नव्हतं. तेव्हाच अर्बाबनं सुनावलं होतं की आणखी एक चूक झाली तर परचेस सेक्शन सोडून अस्करच्या गोडाऊनवर बदली. गोडाऊनच्या पोस्टला फॅमिली क्वार्टर नव्हतं. म्हणजे मनाम्यातल्या नईममधली दोन खोल्यांची जागा गेली आणि बायको मथुरा परत कोकणात परुळ्याला. तिला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तिनं पत्र्याच्या डब्यात लावलेल्या तिखट मिरचीला आत्ता कुठं फुलं आली होती.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण खरी अडचण अशी की 'गाडी का आदमी' बाळाजीला गाडी चालवायचं लायसन नव्हतं.

गाडी येत नव्हती असं नाही. शिकवणीच्या गाडीत तो व्यवस्थित चालवायचा. त्याला गाडी नडत नव्हती, प्रश्न नडत होते. लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागायचं. पहिल्या टेस्टला पोलीस म्हणाला, "राइट." बाळाजीनं गाडी थांबवून नम्रपणे विचारलं की राइट म्हणजे बरोबर चाललंय, की उजवीकडे घेऊ? नापास. नंतरच्या टेस्टला त्यानं मागे घेताना चाकं उलटी का वळतात, यावर पोलिसाचं मत विचारलं. त्या पोलिसानं मत दिलं नाही, फक्त खाली उतरायची खूण केली. मध्ये डोळ्यांच्या सर्टिफिकेटवर शिक्का नव्हता म्हणून परत पाठवलं, शिक्का आणला तर फोटोत कान दिसत नाही म्हणून परत पाठवलं. दर वेळी खिडकीतला माणूस एकच शब्द बोलायचा, "बुकरा." उद्या. बाळाजीला आता झोपेतसुद्धा ती खिडकी दिसायची. अर्बाबला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, एवढं शहाणपण टेस्टच्या पोलिसानं बाळाजीला शिकवलं होतं.

दोन्ही एजन्सींनी शुक्रवारी ट्रायलला गाडी द्यायचं कबूल केलं. फक्त चालवणाऱ्याच्या लायसनची झेरॉक्स हवी होती. जपानी गाडीचा प्रश्न नव्हता, ती जमालुद्दीन चालवणार होता. जमालुद्दीन कंपनीचा ड्रायव्हर, मूळचा हैदराबादचा, राहायला बाळाजीच्याच बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर. विलायती गाडीसाठी बाळाजी समोरच्या दारावर गेला. तिथं वसईचा कॉर्नेलियस राहायचा, एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये होता. त्याची बायको आयरीन हॉस्पिटलात नर्स.

"लायसन काय, मी स्वतः येतो मॅन!" कॉर्नेलियस म्हणाला. "आणि ट्रायल कशाला रे बाबा? फुल-टाइम ती फुल-टाइम! चार चाकं दिलीत ना देवानं? मग दोन कामावर आणि दोन सुट्टीवर, असं कसं?"

जिन्यात उभा असलेला जमालुद्दीन हे ऐकून वर आला. "क्या बातां करते भाई! चारों चक्के चौबीस घंटे कायकू घुमाना? पेट्रोल क्या हौज में भरेला है? जब जरूरत, तब लगाओ. जरूरत खलास, निकाल दो."

त्या दिवसापासून नईमच्या त्या तीन मजली बिल्डिंगीत दोन पक्ष झाले. कॉर्नेलियस सकाळी दाढी करता करता गॅलरीतून 'फुल-टाइम' असं ओरडायचा आणि खालून मोटारीच्या हॉर्नमधून जमालुद्दीनचं उत्तर यायचं. कोपऱ्यावरचा इराणी रोटीवाला, कपडे इस्त्री करणारा मलबारी, दवाखान्याचा कंपाउंडर, सगळ्यांनी बाळाजीला सल्ले दिले. कंपाउंडर तर म्हणाला की चिखलात तीन चाकं सर्वांत चांगली. त्याचं कारण मात्र त्यानं सांगितलं नाही, घाईत होता.

घरी वेगळाच घोर होता. मथुरा भाकरी थापता थापता म्हणाली, "माका एक कळना नाय. गाडयेक चार चाकां. चारय फिरतत. मगे दोन चाकांची गाडी आणि चार चाकांची गाडी ह्यो फरक कसलो?"

बाळाजी खूश झाला. इतक्या दिवसांत मतं सगळ्यांनी दिली होती, प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"अगो, चारय फिरतत, पण जोर दोनांकच. बाकीची दोन नुसती फरफटत जातत."

"मगे चारांक जोर देवन सोडूचो. झगडो कसलो?"

"सुक्या रस्त्यार वळताना अडचण येता."

"कसली अडचण?"

बाळाजी सांगायला लागला आणि थांबला. ब्रोशर त्यानं पाठ केलं होतं, पण पाठ होणं वेगळं. परातीत पिठाची गाडी करून बघितली, काड्यापेट्या जोडून बघितल्या. जमेना. शेवटी तो म्हणाला, "गच्चीर चल. चार माणसां व्हयी."

अशा रीतीनं संक्रांतीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या अँटेना यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, चार प्रौढ माणसं चाकं होऊन उभी राहिली. पुढची दोन चाकं मथुरा आणि आयरीन. दोघींच्या हातात आडवा झाडू. मागची दोन कॉर्नेलियस आणि जमालुद्दीन. त्यांच्या हातात फरशी पुसायचा दांडा. झाडू आणि दांडा यांच्यामध्ये कपड्यांची दोरी. आणि बाजूला इंजिन म्हणून बाळाजी, टाळ्या वाजवत.

"पहिली सिलेक्टेबल. पुढची चाकं जोडलेली. नियम एकच. चौघांनी सारखी पावलं टाकायची. एक टाळी, एक पाऊल. चला!"

सरळ जाईपर्यंत सगळं शिस्तीत झालं. टाकीपाशी वळण आलं. पुढच्या दोघींना लांबून वळसा पडला, मागच्या दोघांना जवळून. पावलं मात्र सारखीच टाकायची. दोन टाळ्यांत कॉर्नेलियसचा बूट मथुराच्या टाचेवर आणि जमालुद्दीनचं नाक आयरीनच्या अंबाड्यात.

"अगो बाय माझे!" मथुरा ओरडली. आणि लगेच, टाच चोळता चोळता, तिचा चेहरा उजळला. "कळला! वळताना पुढच्यांका जास्ती चलाक व्हया. मागचे मेले ढकलतत!"

"बरोब्बर! चिखलात चाक थोडा सरकता, म्हणान चालता. सुक्या डांबरार सरकणार खंय? टायर घासतत, गाडी उड्यो मारता."

"मी काय सांगत होतो!" कॉर्नेलियस म्हणाला. "फुल-टाइम!"

फुल-टाइमचा नियम बाळाजीनं बदलून दिला. आता तो दोरीच्या मध्ये उभा राहिला. पावलं वाटून द्यायचं काम त्याचं. पुढच्यांनी वळणावर हवी तेवढी जास्त टाकायची, मागच्यांनी तेवढी कमी. काय सुरेख वळली गाडी! टाकीला दोन फेऱ्या झाल्या, आयरीन हसून लाल झाली, जमालुद्दीन मनाविरुद्ध का होईना पण नीट चालला. कॉर्नेलियस तर जिंकल्यासारखा शीळच घालू लागला.

आणि मथुरानं विचारलं, "एकाचो पाय घसरलो तर?"

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण बाळाजीला असा प्रश्न विचारल्यावर तो कोरड्या जमिनीवर उत्तर देणाऱ्यातला नव्हता. त्यानं बादलीतलं साबणाचं पाणी आयरीनच्या पायाखाली ओतलं. "हा हिवाळा," तो म्हणाला. "आता नियम असा. ज्याला चालणं सोपं, त्यानंच सगळी पावलं टाकायची. बाकीच्यांनी उभं राहायचं."

टाळी वाजली. आयरीन जागच्या जागी पळायला लागली. रबरी सपाता साबणावर सुळसुळ फिरत होत्या, तिघं खांबासारखे उभे, आणि गाडी एक इंचही पुढं जाईना.

"बघितलंत? एक चाक घसरलं की सगळा जोर तिथंच वाया! म्हणून मध्ये एक लॉक—"

लॉकचं पुढं सांगायच्या आत आयरीनचा तोल गेला. तिनं हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागली ती घरमालकाची वाळत घातलेली दोरी. शुक्रवारच्या नमाजासाठी नीळ देऊन वाळत घातलेले मालकाचे शुभ्र पायघोळ सदरे एकामागून एक साबणाच्या काळ्या पाण्यात उतरले. आवाज ऐकून मालक वर आले. भले गृहस्थ. त्यांनी आधी सदऱ्यांकडे पाहिलं, मग झाडू धरून उभ्या असलेल्या चौघांकडे.

"शिनू हादा?" त्यांनी विचारलं. हे काय आहे?

मग जमालुद्दीन खाली मान घालून म्हणाला, "फोर-व्हील, हाजी."

सदरे धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून परत करण्यात दोन्ही घरांचे पुढचे दोन दिवस गेले. पण पाठीमागं मथुराचं पुटपुटणं चालूच होतं. "म्हणजे फुल-टाइमाकसुद्धा कुलूप व्हयाच. घातला नाय तर एक चाक नाचता आणि बाकीची मजा बघतत." बाळाजीला वाटलं, हिला टेस्टच्या पोलिसासमोर बसवावं.

गुरुवारी पाऊस आला. असा आला की कॉर्नेलियस पँट गुडघ्यापर्यंत वर करून हॉटेलातून घरी पोचला. शुक्रवारी सकाळी आभाळ स्वच्छ, आणि ट्रायलला याहून चांगला दिवस मिळाला नसता. दोन गाड्या नईममधून निघाल्या. विलायती गाडीत कॉर्नेलियस आणि आयरीन. जपानी गाडीत जमालुद्दीन, बाळाजी, मथुरा आणि मागे जेवणाचे डबे, थर्मास, तिळाचे लाडू. ट्रायलला लाडू कशाला, असं बाळाजीनं विचारलं होतं. मथुरा म्हणाली होती, गाडी रुतली तर खाऊक.

रिफापर्यंत बाळाजी खिडकीतून मान बाहेर काढून नुसता बघत होता. रस्त्यावर इथं पाणी, पुढं कोरडं, वळणावर परत पाणी. कॉर्नेलियसची गाडी पाण्यातून वळून कोरड्यावर अशी जात होती की तिला काही कळतच नाही. जपानी गाडीची मात्र एका चौकातल्या पाण्यात मागची चाकं आडवी घसरली.

"जमालभाई, आगे का चक्का जोडो ना."

"इत्ते पानी के वास्ते? उतर के चक्के के बीच का खटका घुमाना पडता. फिर सूखा आया तो फिर उतरो. नक्को."

बाळाजीनं हे मनात टिपलं.

अस्कर मागे टाकल्यावर किनाऱ्यालगत अर्बाबची लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती. अर्बाब बॉनेटला टेकून, डोक्याचा रुमाल सावरत, पिस्ते खात होता. समोर सबखा. रात्रीच्या पावसानं त्याची पापडी ओली होऊन आरशासारखी चमकत होती.

"यल्ला!" अर्बाब म्हणाला. चला!

कॉर्नेलियसनं थाटात गाडी आत घातली. निम्म्या फर्लांगावर पुढचं डावं चाक पापडी फोडून खाली गेलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. चिखल आभाळात उडाला. बाकीची तीन चाकं शांत.

"कुलूप!" मथुरा काठावरून ओरडली. "कॉर्नेलियसभाऊ, कुलूप घाला!"

"लॉक! छोटा लिव्हर पुढे ढकल!" बाळाजी ओरडला.

कॉर्नेलियसला स्पष्ट ऐकू आलं होतं. आयरीननं नंतर सांगितलं. पण त्याचं म्हणणं, इतके दिवस आपण सांगतोय की फुल-टाइमला काही करावं लागत नाही, आणि आता त्या जमालुद्दीनसमोर लिव्हर ढकलायचा? त्यानं अॅक्सिलरेटर दाबला. गाडी दारापर्यंत खाली गेली.

जमालुद्दीनच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पसरला की काय सांगावं. "हटो. हम खींच के लाते." त्यानं दोर घेतला आणि गाडीत चढला.

"खटके!" बाळाजी म्हणाला. "आत जाने के पहले घुमाओ!"

"जब जरूरत, तब!" म्हणत तो गेला. शुक्रवारचा धुतलेला पांढरा पायजमा घातला होता त्यानं, हेही एक कारण. विलायती गाडीच्या दहा हात अलीकडं जपानी गाडीची मागची दोन्ही चाकं बसली, पाठोपाठ पुढचीही. आता गरज आली होती. आणि पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले ते खटके चिखलाखाली गेले होते.

दोन गाड्या. दोन्ही एजन्सींच्या, दोन्ही नव्या कोऱ्या. दोन्ही दरवाजापर्यंत सबख्यात. जमालुद्दीन खिडकीतून आपल्या पायजम्याकडे बघत होता, कॉर्नेलियस स्टिअरिंगकडे. अर्बाबनं पिस्ते खायचे थांबवले.

"बाळाजी," तो अगदी हळू म्हणाला, "ये क्या है?"

बाळाजीच्या डोळ्यांसमोर अस्करचं गोडाऊन आलं. पत्र्याचं. मग मथुरा ट्रंक भरताना दिसली. आणि या सगळ्याच्या वर, त्याला स्वतःलाच लाज वाटली पण, दुसराच विचार आला: चिखलाखाली तो खटका हाताला लागेल का? घड्याळाच्या दिशेनं फिरतो की उलटा?

त्यानं बूट काढले, पँट वर केली आणि आत शिरला. चौथ्या पावलाला वर केलेल्या पँटचा उपयोग संपला. जपानी गाडीच्या पुढच्या चाकाशी तो चिखलात पालथा पडला, गालापर्यंत हात आत घातला आणि चाचपडू लागला. गार होतं. मिठानं ओरखडे झोंबत होते. लागला! कडक होता. कडकट् झाला आणि फिरला. मग तो रांगत दुसऱ्या बाजूला गेला. काठावर मथुरा लाडूचा डबा छातीशी धरून उभी होती, श्वास रोखून.

"अब अंदर का लिव्हर खींचो. पहिला गियर. आहिस्ता. पीछे!" बाळाजी जमालुद्दीनला ओरडून म्हणाला.

जपानी गाडी घुसमटल्यासारखी हलली, थरथरली, आणि चारही चाकांनी चिखल चावत, इंच इंच करत, मागं मागं कोरड्यावर गेली. "देखा?" जमालुद्दीन उतरताच गरजला. "सिलेक्टेबल!" हे ऐकून कॉर्नेलियसला राहवेना. तो खिडकीतून उडी मारून, चिखल तुडवत, भांडायला काठावर गेला; आयरीन त्याच्या मागोमाग, त्याचे बूट घेऊन. आता विलायती गाडी रिकामी होती आणि तिच्याजवळ फक्त बाळाजी.

"बाळाजी!" अर्बाब ओरडला. "तुम निकालो!"

बाळाजी कंबरभर चिखलात उभा राहिला. डोळे सोडून त्याचा सगळा चेहरा राखाडी झाला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"अर्बाब, लायसन मफी."

"क्या?"

"लायसन. मफी. टेस्ट में फेल."

कॉर्नेलियस आणि जमालुद्दीनसुद्धा भांडायचे थांबले. मग अर्बाबनं उजवीकडे पाहिलं, तिथं समुद्र होता. डावीकडे पाहिलं, तिथं वाळवंट. "इधर कौन देखेगा?" तो म्हणाला. "मछली? यल्ला, निकालो!"

बाळाजी चढला. सीटवर पचकन आवाज झाला. छोटा लिव्हर पुढं ढकलला. समोर दिवा लागला. पहिला गियर. क्लच सोडताना त्यानं श्वास सोडला नाही. चाकांना काहीतरी सापडत होतं, सुटत होतं, परत सापडत होतं, आणि ते त्याला पायाला, कमरेला, हाताच्या तळव्याला कळत होतं. कुणी सांगत नव्हतं, राइट की लेफ्ट. गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि वर आली.

काठावर टाळ्या पडल्या. बाळाजीनं थांबायला हवं होतं. पण कोरडी, कडक, रेतीची सपाट जमीन समोर पसरली होती. तो तसाच पुढं गेला. लॉक तसंच ठेवून त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं. ते जड झालं, खालून चाकं कुरकुरली. लिव्हर मागं घेतला. थोडं सरळ गेल्यावर दिवा विझला, आणि परत वळवलं, तर गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. "आरे!" तो एकटाच मोठ्यानं म्हणाला. परत लॉक घातलं. परत काढलं. अर्बाब हात हलवत होता. बाळाजीनं आणखी एक फेरी घेतली.

थांबल्यावर अर्बाब खिडकीशी आला. "बोलो. कौनसा?"

"सबखे में दोनो एक जैसा, अर्बाब. आत जाने के पहले जोडना, बस. लेकिन अपना बारिश का रोड आधा गीला, आधा सूखा. उसके वास्ते फुल-टाइम."

"खलास. फुल-टाइम."

"लेकिन एक बात. ड्रायव्हर ऐसा दो, जो कोई पार्टी का नहीं."

अर्बाबनं कॉर्नेलियसकडे पाहिलं, जमालुद्दीनकडे पाहिलं, आणि पोट धरून इतका हसला की त्याचा डोक्याचा रुमाल खाली पडला. मग तो उचलून, झटकून, म्हणाला, "गोडाऊन का बात खलास. लेकिन बाळाजी, अगले बार पंप मेरे को पूछके मंगाना." मथुरानं डबा उघडून त्याच्यापुढं लाडू धरला. अर्बाबनं दोन घेतले.

त्याच वेळी ती नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "एक्याच गाडयेत बसान निकाल दिलास? दुसरी खंय चलवलास?"

बाळाजी दचकला. बाई खरं बोलत होती. हा काय न्याय झाला? त्यानं जमालुद्दीनपुढं चिखलाचा हात पसरला. जमालुद्दीननं त्या हाताकडे, मग आपल्या पायजम्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे तो न बोलता चावी दिली.

अर्बाबला ते दिसलं. बाळाजीचं मत बदलायच्या आत निघून जावं, एवढा धंदा त्याला कळत होता. लाडू तोंडात कोंबून तो आपल्या लांब गाडीत बसला आणि धूळ उडवत रिफाच्या दिशेनं गेला. आयरीननं चटई अंथरून जेवण वाढायला घेतलं. कॉर्नेलियस आणि जमालुद्दीन एकाच थर्मासमधला चहा पीत, एकमेकांकडे पाठ करून बसले.

मथुरा पदर खोचून बाळाजीच्या शेजारच्या सीटवर चढली.

"आता मागच्या दोनांवर घेतय हां," बाळाजी म्हणाला आणि मोठं गोल वळण घेतलं. "काय कळता?"

"काय नाय. बरी चलता."

त्यानं गाडी थांबवली, उतरून दोन्ही खटके फिरवले, परत चढला, लिव्हर ओढला. तेच वळण, त्याच जागी. जपानी गाडी रेतीवर थडथडली, उडी मारली, परत थडथडली. मथुरानं डोळे घट्ट मिटून घेतले होते, दोन्ही हात समोरच्या दांडीवर, आणि ती कान देऊन ऐकत होती.

"कळला?"

"रव," ती म्हणाली, डोळे न उघडता. "परत कर."